कार्डाची मागची बाजू

आई, गुरुवारी कॅप्टनमावशींचा फोन आला होता. सणवार नसताना त्यांचा फोन आला म्हणजे कोणीतरी गेलं, हे आता मला ठाऊक झालंय. मी कारखान्यातून सुटून पार्किंगच्या रांगेत होतो, पुढे पन्नासेक गाड्यांचे लाल दिवे, आणि पाऊस धड पडतही नव्हता, थांबतही नव्हता. मावशींचा आवाज अजून तसाच आहे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. म्हणाल्या, "अरे, आपल्या टीमची लेफ्ट इन गेली. सांगलीची. झोपेतच गेली, त्रास नाही झाला. कार्डावर लिहून ठेव बाबा." मी म्हणालो, "हो मावशी, लिहितो." तू गेल्यापासून नऊ वर्षं मी हेच म्हणतोय. तुझ्यानंतर ही पाचवी. कार्डं माझ्याकडे आहेत म्हणून बातम्या माझ्याकडे येतात, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणतो आणि काहीही लिहीत नाही. पण या वेळी त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "आता आम्ही मोजक्याच उरलो. सगळ्या कार्डांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून पाठव व्हॉट्सअॅपवर. तुझ्या आईने काय काय लिहिलं होतं ते मला एकदा वाचायचंय. आणि तू पुढे काय लिहिलंयस तेही." मग घाई नाही म्हणाल्या, आणि लगेच, रविवारपर्यंत पाठव म्हणाल्या.

आज रविवार आहे. म्हणून तुला लिहायला बसलोय, नाहीतर मी कसला पत्र लिहितोय.

ती कार्डं तू केलीस तेव्हाचं मला आठवणं शक्य नाही, पण तू इतक्यांदा सांगितलंस की मी तिथे होतो असंच वाटतं. बबलगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची चित्रं निघायची आणि रेल्वेच्या तुमच्या हॉकी टीममधल्या मुली चिडायच्या, की आपलं चित्र कोण छापणार. तू म्हणालीस, मी छापते. पाससाठी काढलेल्या फोटोंच्या उरलेल्या प्रती सगळ्यांकडून गोळा केल्यास, साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा पत्त्यांएवढा कापलास आणि मैद्याच्या खळीने फोटो चिकटवलेस. सोळा जणींची सोळा कार्डं. पुढे फोटो आणि खाली जागा: फुल बॅक, सेंटर हाफ, राइट विंग. मागे पेन्सिलीने उंची, गाव, काय आवडतं, कशाला घाबरते. खेळ संपला, मुली लग्न होऊन पांगल्या, बदल्या झाल्या, तरी तू मागे लिहीतच राहिलीस. घोरपडीच्या क्वार्टरमध्ये मी अभ्यासाला बसलेला असायचो आणि तू पार्सल ऑफिसमधून आल्यावर चहा टाकून, कोणाचं पत्र आलं असेल तर आधी ते कार्ड काढायचीस. "मुलगी झाली." "भुसावळला बदली." "सासूशी पटेना." एका ओळीच्या वर नाही. पेन्सिलीने का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, बदली रद्द झाली तर खोडता यायला नको का. सासूशी पटेना ही ओळही तू पुढे कधीतरी खोडलीस, ते मला चांगलं आठवतं, कारण खोडताना तू हसत होतीस.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना तुमच्या गोलकीपरचं कार्ड शाळेत नेऊन एका मुलाला दिलं आणि त्याच्याकडून एक फास्ट बोलर घेतला. तू कणीक मळत होतीस. मी आपणहून मोठ्या फुशारकीने दाखवलं, कारण माझ्या हिशेबाने फायद्याचा सौदा होता. तू कणकेचे हात तसेच ठेवून चपला घातल्यास, मला दंडाला धरलंस आणि त्या मुलाच्या घरी गेलीस. त्याची आई बिचारी गोंधळून गेली. कार्ड परत घेतलंस, बोलर परत दिलास. घरी आल्यावर म्हणालीस, "तिला गुडघ्यावर दोनदा टाके पडलेत. तिला असं देऊन टाकायचं नसतं." मारलं असतंस तर बरं झालं असतं. माझ्या दंडावर कणीक वाळली होती, ती मी कितीतरी वेळ खरवडत बसलो होतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी जर्मनीला यायच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा आपल्याकडे लॅमिनेशनचं वेडच होतं. मार्कशीट, रेशनकार्ड, देवाचे फोटो, जे हाताला लागेल ते लोक प्लास्टिकमध्ये घालून आणायचे. मी माझी डिग्री आणि सगळ्या मार्कशीटा घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे निघालो होतो आणि निघताना कपाटातून तुझी कार्डं उचलली. तुला न सांगता. जाताना तुला काहीतरी द्यावं, टिकणारं. पुठ्ठे कोपऱ्यांना मऊ पडले होते, पेन्सिल पुसट होत चालली होती. मशीनमधून एकेक कार्ड गरम, चकचकीत, ताठ होऊन बाहेर येत होतं आणि मी स्वतःवर फार खूश होतो. संध्याकाळी तुझ्या हातात गठ्ठा ठेवला. तू वरचं कार्ड उलटलंस. अंगठा फिरवलास. मग दुसरं उलटलंस. म्हणालीस, "छान केलंस रे. आता टिकतील." आणि उठून कुकर लावायला गेलीस. मला काही कळलं नाही. खरंच कळलं नाही, आई. ते मला इथे येऊन दोन महिन्यांनी कळलं, तेही परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या सरकारी ऑफिसमधल्या बाईंनी माझी डिग्री उजेडात धरून उलटसुलट केली आणि म्हणाल्या की यावर शिक्का बसणार नाही, तेव्हा. पुढे काही लिहायचं असेल, उठवायचं असेल तर कागद उघडा लागतो. मी बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो आणि मला तुझा तो अंगठा आठवला.

तुला फोन करून विचारायला हवं होतं. दर रविवारी फोन करत होतो. "कशी आहेस?" "बरी आहे. जेवलास का? थंडी किती आहे?" "आहे." एवढंच. बाबा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, घरात तू एकटी, आणि मी थंडी किती आहे हे सांगत होतो. कार्डांचा विषय मी काढला नाही, तूही नाही. तू गेलीस त्या दिवशी मी इथे एका सप्लायरच्या ऑडिटमध्ये होतो, फोन बंद करून. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. कॅप्टनमावशींनी माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा दिला, रबर लावलेला.

इथे माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. चाळीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये होते, आता निवृत्त. त्यांना आइस हॉकीच्या कार्डांचा नाद आहे. या गावात आइस हॉकी म्हणजे केवढं प्रस्थ आहे हे तुला पाहायला मिळालं असतं तर तू आधी हसली असतीस, की बर्फावर कसली हॉकी, आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसली असतीस. तू गेलीस त्या हिवाळ्यात त्यांनी मला एकदा जिन्यात अडवलं, माझा चेहरा बघितला असणार, आणि म्हणाले, शनिवारी चल. क्लबच्या खोलीत टाउशबोर्स असतो, म्हणजे कार्डांच्या अदलाबदलीचा बाजार. लांब टेबलं, कॉफीचा थर्मास, आणि पन्नाशीच्या पुढची माणसं प्लास्टिकच्या पानांच्या वह्या घेऊन बसलेली. मी गेलो आणि मग जातच राहिलो. आता माझ्याकडे चार वह्या भरल्यात. मला आइस हॉकीतलं अजूनही फार काही कळत नाही. पण शनिवारी दोन तास कोणी मला डेडलाइन विचारत नाही, कोणाची नोकरी जाणार याची चर्चा होत नाही, हे मला पुरतं. घरी याची टिंगल होते. मुलगी म्हणते, "पापा, दास इस्ट डोख फ्युअर किंडर," म्हणजे हे तर लहान मुलांचं, आणि बायको म्हणते, पोरांचे खेळ तर पोरांचे खेळ, निदान घराबाहेर तरी पडतोस.

गुरुवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मी तुझी कार्डं काढली. आधी एकदा, काही वर्षांपूर्वी, राइट बॅक गेली तेव्हा, मी तिच्या कार्डाचं प्लास्टिक पातळ सुरीने सोडवायचा प्रयत्न केला होता. तुला हे कधीच सांगितलं नाही, सांगणार तरी कसं. प्लास्टिक निघालं, पण पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा घेऊनच निघालं. तुझी अक्षरं प्लास्टिकला चिकटून वर आली आणि खाली नुसता करडा पुठ्ठा. त्यानंतर मी सुरीला हात लावला नाही. या गुरुवारीही नुसता बघत बसलो. मावशींना काय सांगू? की तुमच्या मैत्रिणीचा मुलगा नऊ वर्षं तुमच्याशी खोटं बोलतोय?

काल शनिवारी मी कार्डं बरोबर घेऊन गेलो. का नेली माहीत नाही. आजोबांनी चष्मा वर सरकवून सोळाच्या सोळा बघितली. वाचता काहीच येत नव्हतं, पण एकेक कार्ड त्यांनी कडांना धरूनच उचललं. "हे कोणी केलं?" "माझ्या आईने. तीही यात आहे." "गोलकीपर?" "सेंटर हाफ." "गेनाऊ, बरोबर," म्हणाले, "चेहऱ्यावरून वाटतंय." मग मी त्यांना सगळं सांगितलं, लॅमिनेशनचं, सुरीचं, फोनचं. माझं जर्मन असल्या गोष्टींसाठी पुरत नाही, पण ते थांबून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आल्झो, तर मला एक सांग. आमच्या क्लबची खेळणारी पोरं कार्डावर सही कशाने करतात? तेही गुळगुळीतच असतं ना?" आणि खिशातून काळं मार्कर पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. प्लास्टिकवर, काचेवर, कशावरही उठतं, पुसलं जात नाही, ते पेन. आई, मी क्वालिटीत काम करतो. मी दिवसभर बंपरवर आणि डॅशबोर्डवर याच पेनाने खुणा करतो. एक पेन तेव्हाही माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. आजोबा हसले नाहीत. कॉफी आणायला गेले.

आज सकाळपासून मी तेच करतोय. तुझ्या ओळींच्या खाली, प्लास्टिकच्या वरून. अक्षर माझं वाईटच आहे, पण एका ओळीच्या वर जायचं नाही हा तुझा नियम पाळलाय. मला वाटलं होतं की मला आठवणार नाही, पण कॅप्टनमावशींच्या इतक्या वर्षांच्या फोनमधलं सगळं होतं डोक्यात. "नातवाची मुंज." "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, आता पेपर वाचते." "मुलाकडे नागपूरला." "गेली. झोपेत." गोलकीपरने सत्तराव्या वर्षी पोहणं शिकून घेतलंय, तेही लिहिलं. राइट बॅकचे दोन्ही पापुद्रे शेजारी ठेवून तसाच फोटो काढला आणि खाली मावशींना लिहिलं की हे माझ्या हातून झालं. पंधरा फोटो गेले. मावशींनी एकेका फोटोला वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलंय. शेवटी त्यांचा मेसेज आला, "आणि तुझी आई?"

तुझं कार्ड माझ्यासमोर आहे. उंची पाच फूट एक, गाव बारामती, आवडतं पिठलं, घाबरते पालीला. मग नोकरी, लग्न, मुलगा झाला, खेळ सोडला, "हे गेले." आणि तुझ्या हातची शेवटची ओळ, मी ती झेरॉक्सवाल्याकडे नेताना वाचलीच नव्हती: "मुलगा जर्मनीला निघाला." त्याखाली निम्मं कार्ड मोकळं आहे. पेन उघडून मी तासभर बसलोय. एक ओळ मला लिहिता येईल, शेवटची, तारखेसकट. पण तिच्या आधी चौदा वर्षं आहेत, आणि त्या चौदा वर्षांत तू निवृत्त झालीस एवढं सोडलं तर मला एकही ओळ सुचत नाही. तुझे गुडघे दुखत होते का, संध्याकाळी कोणी येत होतं का, पालीला तू अजून घाबरत होतीस का. मावशींच्या लेफ्ट इनबद्दल मला जास्त माहिती आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे. हे संपलं की मावशींना फोन करणार आहे आणि विचारणार आहे, माझ्या आईचं पुढे काय झालं.