भुशातलं लेट्यूस

३ फेब्रुवारी
आजपासून माती बंद. हायड्रोपोनिक्स! मुळांना खताचं पाणी द्यायचं, आणि रोप धरून ठेवायला लाकडाचा टाकाऊ भुसा. व्हिडिओतल्या टकल्या माणसाने महिनाभरात टोपली भरली. मला तर अजून केस आहेत.
गॅलरी ताब्यात घेतली. बायकोला तिथे शिलाई मशीन मांडायचंय. एक मार्चपर्यंत मुदत मिळाली. तोवर घरचं लेट्यूस ताटात आलं नाही, तर गॅलरी तिची. हसून मान्य केलं. बिचारी.

५ फेब्रुवारी
पोतं घेऊन कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याकडे. म्हणाला, माझा भुसा प्लायवूडचा, त्यात गोंद असतो, रोपं मरतील. जुनं भरीव लाकूड आणा, भुगा करून देतो.

६ फेब्रुवारी
माळ्यावर खजिना! निळा रंग लावलेलं जुनं स्टूल. एक पाय गायब, बाकीचे डुगडुगतात. बायकोचं माहेरचं असावं. विचारणार होतो, पण ती बाहेर होती आणि शुभ कामाला उशीर नको.
संध्याकाळी दोन पिशव्या भुसा घरात. फर्निचरवाला म्हणाला, आठवडाभर भिजवा, रोज पाणी बदला. एकदा नळाखाली धरला. बाळंतीण आहे का, रोज न्हाऊ घालायला?

७ फेब्रुवारी
बारा कुंड्यांत बी पेरलं. बायकोने स्टूलची चौकशी केली नाही. म्हणजे हरकत नाही.

१३ फेब्रुवारी
अंकुर! बारापैकी नऊ. ऑफिसात सगळ्यांना फोटो पाठवले. साहेबांना दोनदा.

१९ फेब्रुवारी
पानं पिवळी. बायको म्हणते, कावीळ झालीय. मी सांगितलं, परदेशी वाणाचा हाच रंग.
फर्निचरवाला म्हणतो, कच्चा भुसा कुजताना रोपाचं खत स्वतःच खातो. भुसा तब्येतीने चांगला दिसतोय खरा.

२४ फेब्रुवारी
सात रोपं गेली. उरलेल्या दोनांपैकी एक बहुतेक गवत.
बायको फोनवर तिच्या वडिलांशी बोलत होती. एक तारखेला ते हत्यारांची पेटी घेऊन येणार. पुढे मशीन, स्टूल असं काहीतरी चाललं होतं. मी खत मोजत होतो. सासऱ्यांचा जन्म सुतारकामात गेलाय. माझ्यासाठी तीन मजली स्टँड करणार असतील. शेवटी गुणांची पारख लागते.

२८ फेब्रुवारी
बाजारातून लेट्यूसचे बारा गड्डे आणले. भुशात खोचले. याला फसवणूक म्हणत नाहीत, प्रात्यक्षिक म्हणतात.

१ मार्च, सकाळ
गॅलरी हिरवीगार. बायको बघतच राहिली. म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो तुम्हाला जमेल. जरा वाईट वाटलं. मग बरं वाटलं.

१ मार्च, दुपार
सासऱ्यांनी लेट्यूसकडे पाहिलंच नाही. भुसा चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला. मग त्यातून नखाएवढा निळा तुकडा काढून बायकोच्या तळहातावर ठेवला.
ती माळ्यावर चढली आणि रिकाम्या हाताने उतरली. ती बारा वर्षांची असताना शिवण शिकायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी ते स्टूल केलं होतं. रंग तिने दिला होता. मशीनपुढे बसायला तेच दुरुस्त करायचं होतं, म्हणून तर त्यांना बोलावलं.
मी विषय बदलायला एक गड्डा उपटून दाखवला. बुडाला दुकानाचं रबर होतं.

२ मार्च
मशीन गॅलरीत मांडलं. सासरे नवं स्टूल करताहेत. मला पडणारा भुसा झाडायचं काम. संध्याकाळी अर्धी पिशवी भरली. कोरडा, भरीव लाकडाचा, एकदम फर्स्ट क्लास. सासऱ्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने खाली टाकून आलो.
निळा तुकडा बायकोने मशीनच्या खणात ठेवलाय.
बारा गड्डे मी एकट्याने संपवायचे, असं ठरलंय. आज दुसरा.