आत्या, गणपतीला सांगा, आता सोड म्हणून

शिरगाव, रत्नागिरी
सोमवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप गोदूआत्या यांना,

नम्रताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे सवयीने लिहिलं. सध्या माझी दोनच अंगं जमिनीला लागतात, आणि ती कुठे लागली आहेत हे मला वरून दिसत नाही. बाकीचा नमस्कार मागाहून पोचता करीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? नातवाने आणलेलं तेल गुडघ्यांना लावता, की देवापुढच्या समईत घालता? इकडे आम्ही सगळे खुशाल. पोटातलं बाळ तर इतकं खुशाल आहे की त्याला बाहेर यायचं काही कारणच दिसत नाही. पत्र आलं म्हणून दचकू नका. फोनच करणार होते, पण तुमची गाडी "हॅलो, कोण?" याच्या पुढे सरकत नाही, आणि मी फोन हातात घेतला की आमचं अख्खं घर "सुरू झालं काय गो?" म्हणत धावत येतं. मला सांगायचं आहे ते थोडं खाजगी आहे. ते शेवटी येईल, तोवर धीर धरा. आम्हीही धरलाय.

शुभंकर बोटीवरून सुट्टी काढून आलाय ते तुम्हाला माहीत आहे. भरती-ओहोटी तक्त्यात बघून सांगणारा माणूस तो, त्याला वाटलं बाळंही तक्त्याप्रमाणे येतात. त्याने सुट्टी तशी बेतली. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख आली, गेली, आणि बाळाने कूसही बदलली नाही. येत्या गुरुवारी पहाटे त्याला मुंबईला निघायचंय, तिथून विमान, तिथून बोट, आणि परत येणं थेट दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे बाळ गुरुवारनंतर आलं, तर बापाला ते पहिल्यांदा भेटेल तेव्हा रांगत येऊन त्याची चप्पल चावत असेल. शुभंकर रोज सकाळी बाळाची टोपडी दोरीवरून काढतो, घडी घालतो, आणि संध्याकाळी तीच परत धुवायला टाकतो. घालायला कोणी नसताना इतकी धुतली गेलेली टोपडी अख्ख्या जिल्ह्यात नसतील. ते बघवेना, म्हणून घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने माझ्या पोटाचा प्रश्न हातात घेतला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बाळ छान आहे, शुक्रवारपर्यंत वाट बघू, चाला-फिरा, परस्पर एरंडेल वगैरे काही पाजलंत तर मला तोंड दाखवू नका. (हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या, पण शब्द आईच्या दिशेने गेले. आईने पिशवीतली बाटली आणखी खाली दडपली.) मग चालणं सुरू झालं. शुभंकर आणि मी सकाळ-संध्याकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर. आत्या, इतकी चालले की सरळ रेषेत चालले असते तर एव्हाना संगमेश्वराला पोचले असते. तिथल्या मासळीवाल्या मला ओळखायला लागल्या. त्यातली तुळसा रोज लांबूनच ओरडायची, "काय गो बाय, अजून एकटीच फिरतेस?" नवरा शेजारी उभा असायचा, पण तिच्या हिशोबात तो नव्हताच. नंतर सासूबाईंकडून तिखटाचा उपाय आला. त्यांनी स्वतः कोंबडीचा असा रस्सा करून पाठवला की डबा उघडल्यावर शेजारच्या सखूकाकी शिंकल्या. बाबांना रात्रभर जळजळ, शुभंकरला उचक्या, आईच्या डोळ्यांना पाणी. बाळाने दोन लाथा मारल्या, त्याही खूश होऊन, आणि झोपलं. मग अननस झाला, खजूर झाला, सखूकाकींच्या सांगण्यावरून उकिडवं बसून अंगण झाडणं झालं. (बसले ते ठीक. उठवायला शुभंकर आणि बाबा दोघे लागले, आणि बाबांची कंबर धरली. घरात कळा आल्या त्या एवढ्याच.)

मग बाबांना रस्त्याची आठवण झाली. आमच्या मागच्या रस्त्याने गेलं की माणसाची हाडं जागची हलतात, तर बाळ का नाही हलणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी महिपतची रिक्षा बोलावली आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आज एकही खड्डा सोडायचा नाही. महिपत आम्हाला लहानपणी शाळेत न्यायचा तेव्हा त्याने खरोखरच एकही सोडला नव्हता. पण मला आत बसलेली बघून त्याचा हातच वळेना. बैलगाडीच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत, वाटेत दगड दिसला तर उतरून तो बाजूला करत त्याने मला अशी फिरवून आणली की मी झोपले. बाबा चिडले तर म्हणतो कसा, "काका, पोटुशी पोर बसलीय रिक्षात. खड्ड्यात घालू काय?"

शेवटी आईने जुना उपाय काढला, घरातली सगळी कुलपं उघडायची आणि सगळ्या गाठी सोडायच्या, म्हणजे बाईही मोकळी होते. कपाटं, ट्रंका, पेटारे उघडले. तांदळाच्या गोणीची सुतळी सोडली, पडद्यांच्या नाड्या सोडल्या, बाबांच्या पायजम्याची नाडी मात्र मतभेदांनंतर वगळली. घोटाळा झाला तो जावईबापूंच्या गाठींचा. सुट्टीत वेळ जाईना म्हणून त्याने घरातली प्रत्येक दोरी बोटीवरच्या पद्धतीने बांधून ठेवली होती. कपड्यांची दोरी, विहिरीचा पोहरा, झोपाळा, गोठ्यातलं वासरू. त्या गाठी वादळात सुटत नाहीत, त्या आईला काय सुटणार? मग ज्याने बांधल्या त्यालाच दिवसभर सोडत बसवलं. संध्याकाळी घरात एकही गाठ उरली नाही. धुतलेली टोपडी अंगणात, पोहरा विहिरीत, आणि वासरू सखूकाकींच्या लाल माठाच्या वाफ्यात. त्या दुसऱ्या दिवशी भांडायला आल्या, पण माझं पोट बघून म्हणाल्या, "अजून नाय? मग खाऊ दे मेल्याला."

सगळ्या गाठी सुटल्या आणि तरी काही होत नाही म्हटल्यावर आई विचार करत बसली, आणि काल चहा ओतता ओतता थांबली. म्हणाली, "एक गाठ राहिली. वन्संनी मारलेली."

आत्या, आठवतं का? सातव्या महिन्यात माझ्या पोटात उगाच कळा येऊन गेल्या, तेव्हा तुम्ही तुमच्या आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाऱ्हाणं घातलंत. माझ्या ओटभरणाला तुम्ही स्वतःच चारचौघींत सांगितलंत ते असं: जावई बोटीवरून येईपर्यंत पोर आत सांभाळ, तो आला की आधी त्याला तुझ्या पायांवर आणून घालीन, मगच सोड. आणि जावई आला तो तडक शिरगावात. आंजर्ल्याला गेलाच नाही! देव बिचारा शब्दाला जागून बसलाय. यावर माझा विश्वास आहे असं नाही, पण या वजनात नाही म्हणायचंही धाडस होत नाही.

पेच असा आहे. शुभंकर गेला नाही तर देव सोडणार नाही. गेला, तर मध्ये जयगडची खाडी, दाभोळची खाडी, दोन्हीकडे फेरीबोटीची वाट बघणं, आणि देवाने तिथल्या तिथे सोडलं तर बाप आंजर्ल्यात आणि लेकरू रत्नागिरीत. आई म्हणते जाऊ दे, बाबा म्हणतात पाऊल टाकून बघ. शुभंकर दोघांनाही हो म्हणतो आणि टोपडी घडी करतो.

बाकी क्षेम. दारच्या अबोलीला बहर आलाय. तब्येतीला जपा.

तुमची,
नम्रता

ता. क. (खाजगी ते हे.) सोबत शुभंकरचा फोटो ठेवलाय, पांढऱ्या गणवेशातला. तो घेऊन वर जा आणि गणपतीला सांगा की हाच तो जावई, एवढ्यावर भागवून घे आणि सोड. फोटोत तो चिडका दिसतो. हसतो तेव्हा बरा असतो, हेही सांगा.

ता. क. दुसरा. (बुधवार, दवाखान्यातून.) हे पत्र पोस्टाने गुरुवारच्या आत पोचणार नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. शुभंकरच्या आलं. काल उजाडता उजाडता पत्र खिशात घालून त्याने बाबांची मोटरसायकल काढली. आईने हातात नारळ दिला, बाबांनी शिव्या. जयगडला फेरीबोटीने किनारा सोडला आणि इकडे माझ्या पोटात पहिली खरी कळ आली. फोन केला तर तो खाडीच्या मध्यावर! बोट काही रिक्षा नव्हे, मागे वळायला. पण बोटीवर बातमी फुटली. पलीकडे उतरणाऱ्यांनी गाड्या भराभर काढल्या, चढणाऱ्यांनी त्याची मोटरसायकल सगळ्यांच्या पुढे लावू दिली, आणि तो त्याच बोटीने परत आला. येताना बोटीवरच्या बायका त्याला धीर देत होत्या, "पहिलटकरीण ना? पोचशील रे बाबा, घाबरू नको." पोचला. डोक्यावर हेल्मेट आणि हातात नारळ अशा अवतारात. तिन्हीसांजेला मुलगी झाली. बापाने तिला घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "हिची नखं केवढी वाढलीत बघ." मग रडला. टोपडं तिला लहान होतंय. बहुतेक धुऊन धुऊन आटलं.

आईच्या मते जावयाने आंजर्ल्याची वाट धरली, तेवढ्यावर गणपतीने समजून घेतलं.

ता. क. तिसरा. आत्ताच तुमच्या सुजयचा फोन आला. तो म्हणतो, आजी गुडघ्यांमुळे गेल्या पावसाळ्यापासून वर गेलेलीच नाही, ते गाऱ्हाणं तिने पडवीत बसून, कड्याकडे हात जोडून घातलं होतं. मी आईला सांगितलं, आता बोल. ती जराही डगमगली नाही. म्हणाली, "खालून बोलल्या, म्हणूनच देवाने अर्ध्या वाटेत सोडवलं."

असो. आता दोन विनंत्या. शुभंकरला बहीण नाही, म्हणजे पोरीला आत्या नाही, आणि आत्याशिवाय बारशाला तिच्या कानात कुर्र कोण करणार? माझी आत्या मी तिला देते आहे, तेव्हा तुम्ही यायचं आहे. दुसरी अशी की तो उद्या पहाटे निघतोय. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या झोपलाय, पोर छातीवर, आणि तिने त्याचं बोट अशी गाठ मारल्यासारखं धरलंय की त्यालाही सोडवता येणार नाही. गणपतीला सांगा, दिवाळीला त्याची बोट वेळेवर आण, जावयाला यावेळी नक्की तुझ्या पायांवर घालते.

हे मात्र पडवीतून नको, आत्या. रिक्षा वरपर्यंत जाते.