मालकाचा पहिला पेला

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगांचा समजावा. कंबर धरली आहे, उरलेली दोन अंगं ती सुटल्यावर टेकवीन.) पत्रात थोरल्याला ‘तुम्ही’ म्हणावं असं आईने लहानपणी शिकवलं होतं, पण गोठा धुताना ज्याच्या अंगावर शेणाचं पाणी उडवलं त्याला ‘तुम्ही’ लिहिताना हात अडतो, तेव्हा ‘तू’वरच भागवून घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आणि ती शिंगमोडी म्हैस अजून भरल्या बादलीला लाथ मारते, की वयाप्रमाणे शहाणी झाली? इकडे आई ठणठणीत आहे. तुझी भावजयही बरी आहे, फक्त हल्ली माझ्याकडे बघून मध्येच हसते. ते का, हे पुढे येईलच.

आधी दुकानाचं सांगतो, कारण अभिमानाची गोष्ट आधी सांगावी आणि पोटाची मागाहून. तू दूध काढतोस, मी विकतो, आणि या दोन कामांच्या मध्ये पाण्याचा थेंब येत नाही, हे आपल्या गल्लीत पोरासोरांना ठाऊक आहे. कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून मी सांगतो की काल तू जनावरांना कोणती वैरण घातलीस. (एकदा चुकलो होतो, पण त्या दिवशी सर्दी होती.) आणि आप्पा गेले, तरी त्यांची रीत मी आजतागायत मोडलेली नाही. शटर वर गेलं, कॅन उघडला, की रांगेसमोर पहिलं दूध मालकाने प्यायचं. आधी मालकाच्या पोटात, मग गिऱ्हाइकाच्या भांड्यात. आप्पा त्यांच्या त्या पितळी पेल्यातून प्यायचे. डोळे मिटून, मान मागे टाकून, एका दमात. मग मिशी पुसून म्हणायचे, “चला, आणा भांडी.” लहानपणी मला वाटायचं, भक्ती म्हणतात ती हीच.

मी त्यात सुधारणा केली. (सुधारणा म्हणजे आप्पांपेक्षा आपण शहाणे, असं मी कधीच म्हटलं नाही. मनात आलं असेल, ते वेगळं.) वाटणीत पितळी पेला तुझ्याकडे गेला तेव्हा मी जरा फुरंगटून बसलो होतो, पण मग विचार केला की पेला हवाच कशाला? आपल्याला लपवायचं काय आहे? मी चांगला उंच, जाड काचेचा ग्लास आणला. आत काय आहे ते रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसलं पाहिजे. शिवाय रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, ‘मालक स्वतः पितो’. रंगारी म्हणाला, काय पितो तेही लिहू का, लोकांचा गैरसमज होईल. मी म्हटलं, दुधाच्या दुकानात मालक दुसरं काय पिणार? दादा, माणसाने पाटीवर इतकं मोघम लिहू नये.

आता जे लिहितो ते वहिनींना वाचून दाखवू नकोस. गेल्या काही महिन्यांपासून पहिला ग्लास रिचवला की रांग ओसरेपर्यंत माझ्या पोटात कोणी तरी घुसळण लावल्यासारखं व्हायचं. आधी मी चण्यांना दोष दिला, मग तुझ्या भावजयीच्या फोडणीला, मग (माफ कर) थोडे दिवस तुझ्या म्हशींनाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. तेही आपलेच गिऱ्हाईक. त्यांनी पोट दाबलं, चौकशी केली आणि म्हणाले, दूध बंद करून बघा. मला हसूच आलं. मी म्हटलं, डॉक्टर, उद्या माशाला सांगाल पाणी सोड. पण सुट्टीच्या दिवशी गुपचूप दुधाविना राहून पाहिलं, तर पोट इतकं गुमान राहिलं की मला करमेना. डॉक्टर म्हणतात, वय झालं की काही पोटांचं दुधाशी पटेनासं होतं, त्यात लाज कसली. त्यांना काय जातंय म्हणायला? डॉक्टराला रोज सकाळी रांगेसमोर स्वतःचं औषध पिऊन दाखवावं लागत नाही. मला झोप येईना. ग्लास सोडावा तर आप्पांची रीत आणि दुकानाचं नाव जातं, धरावा तर पोट जातं.

मार्ग तुझ्या भावजयीने काढला. म्हणाली, हल्ली बियांचं, दाण्यांचं दूध मिळतं, तेच ग्लासात ओता, कोण बघतंय? मी तिला सुनावलं की जनावराशिवाय दूध म्हणजे लग्नाशिवाय सासर. ती म्हणाली, नवऱ्याशिवाय सासर मिळतं तर बरंच झालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी खोकी घेऊन आली. आता दूध कुठलंही असो, पारख मी पारख्यासारखीच करणार. स्वयंपाकघरात ग्लास मांडून बसलो. बदामाचं दूध दिसायला दूध आणि वागायला पाणी. काचेवर क्षणभरही टिकेना. एखाद्या गवळ्याने असं दूध घातलं असतं तर मी त्याला दाराबाहेरूनच परत पाठवलं असतं. सोयाचं अंगाने बरं होतं, पण शेंगा उकडल्याचा वास मिशीत जाऊन बसला. नारळाचं इतकं पांढरं, की शेजारी तुझं दूध ठेवलं तर तुझंच आजारी वाटावं, आणि वर तेलकट कडं. शेवटी तिने नाश्त्याचे ओट भिजवले, वाटले, पातळ फडक्यातून गाळले आणि ग्लास पुढे ठेवला. रंग गाईच्या दुधाचा. काचेवरून उतरताना जरा रेंगाळलं. चव गोडसर, आणि खरं लिहायचं तर (हे वाक्य म्हशींच्या जवळपास वाचू नकोस) चांगली. एका बैठकीत चार दुधांतून नेमकं उचललं. रक्तातच लागतं ते. विकायचं तुझं आणि प्यायचं हे, असा निर्णय झाला.

पुढचे काही आठवडे मी रांगेसमोर ताठ मानेने ओटाचं पाणी प्यायलो. पोट शांत, पाटी जागेवर, गिऱ्हाईक खूश. पण आपल्या रांगेत मुख्याध्यापिका बाई असतात. निवृत्त झाल्या, तरी चूक शोधायची नजर निवृत्त झालेली नाही. गेल्या आठवड्यात मी अर्धा ग्लास पिऊन काउंटरवर ठेवला आणि डॉक्टरांचं दूध मापायला वळलो. तेवढ्या वेळात ग्लासाच्या तळाशी चांगला बोटभर गाळ बसला. बाई चष्मा सरसावून वाकल्या आणि संथपणे म्हणाल्या, “दुधाच्या तळाशी पीठ कसं काय बसतं हो?”

दादा, अख्खी रांग माझ्या ग्लासावर वाकली. दूधवाल्याला चोर म्हटलेलं परवडतं, भेसळवाला म्हटलेलं नाही. बाईंनी आयोडीन मागितलं. ते माझ्याच खणात असतं. दुधात पीठ मिसळलेलं असेल तर थेंब टाकताच निळं होतं, आणि आपलं होत नाही, हे मी येईल त्या पाहुण्याला हौसेने दाखवत आलो आहे. म्हणून मी ऐटीत बाटली काढली आणि कॅनमधलं दूध वाटीत घेऊन थेंब टाकला. निळेपणाचा लवलेश नाही. मी छाती काढली. तेवढ्यात बाईंनी माझ्या हातून बाटली घेतली आणि एक थेंब माझ्या ग्लासात सोडला. दादा, शाईची दौत झाली रे त्याची.

जगाच्या पाठीवर भेसळ करणारे दुकानदार पुष्कळ सापडले असतील, पण गिऱ्हाइकांना शुद्ध दूध विकून स्वतः भेसळीचं पिताना पकडला गेलेला मी पहिलाच. याचाही मला जरा अभिमान वाटतो. पण तो आत्ता, पत्र लिहिताना. मी सगळं सांगून टाकलं. पोट, डॉक्टर, ओट, सगळं. (डॉक्टर तोवर दूध घेऊन सटकले होते. साक्षीदार असाच असतो.) लोक हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाल्या, “तुम्हाला पचत नाही, ते समजलं. पण मग आमच्या आधी हे दूध चाखतं कोण? तुमच्या ग्लासावर विश्वास ठेवून आम्ही नातवंडांना पाजतो.” रांगेतल्या दुसऱ्या एका बाईने रिकाम्या भांड्याला झाकण लावून ते पिशवीत परत घातलं, आणि तो झाकणाचा आवाज माझ्या काळजात लागला.

तेव्हा मागच्या खोलीतून आई आली. हातात तिची नेहमीची वाटी. कॅनमध्ये बुडवली, सगळ्यांसमोर प्यायली, पदराने तोंड पुसलं. “मी चाखते,” ती म्हणाली. “दुकान उघडलं त्या दिवसापासून. कॅन उतरला की आधी माझी वाटी, मग शटर. याच्या ग्लासाच्या भरवशावर राहिले असते तर केव्हाच कुलूप लागलं असतं.” आणि खरंच, दादा, तुला आठवतं का, अधूनमधून कॅन पाय लागून सांडायचा आणि आपण आईला धांदरट म्हणायचो? ते सगळे नासके कॅन होते. बाईंनी आईला हात जोडले आणि भांडं पुढे केलं. मग त्या दुसऱ्या बाईंचंही पिशवीतून बाहेर आलं. आता पाटी बदलून ‘मालकाची आई स्वतः पिते’ अशी केली आहे. विक्री वाढली. असं दुकान दुसरं दाखव, म्हणजे मी मिशी काढतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशींना माझ्याबद्दल काही सांगू नये.

तुझा धाकटा,
ज्याला वासावरून वैरण कळते

ता. क. मुख्याध्यापिका बाईंनी जाताना हळूच विचारलं की ते पिठाचं दूध मला कुठे मिळेल, रात्री पोट फार गुरगुरतं. काल आणखी तिघांनी विचारलं. तेव्हा जनावरांसाठी पेरतोस त्या ओटाचा एक पट्टा हिरवा न कापता दाण्यावर येऊ दे आणि एक पोतं पाठव. पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण नुसतं पोतं मागणं बरं दिसेना.

ता. क. दुसरा. पोत्याचं ऐकून आई हसायला लागली. म्हणाली, आप्पांनाही दूध सोसत नव्हतं. जनावरांच्या पोत्यातला ओट ती पहाटे वाटून द्यायची. म्हणून पेला पितळी. आणि डोळे मिटायचे ते कोंडा घशाला टोचायचा म्हणून. मी पोटभर हसलो आणि मग मला रडू आलं. सगळा जन्म त्यांनी एकट्याने ते गिळलं आणि वर ‘आणा भांडी’ म्हणाले. आईला म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू पाटी रंगवत होतास.

ता. क. तिसरा. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी तो पितळी पेला मला दे. त्यातून प्यावंसं वाटतं. कल्हई मी करून घेईन.

ता. क. शेवटचा. आईने हे वाचलं आणि म्हणते, पेला मागू नकोस, तो थोरल्याला रोज सकाळी गोठ्यावर माणसांसमोर लागतो. ओटाचा पट्टाही त्याच्याकडे दरवर्षी दाण्यावर येतोच, तो का, ते त्यालाच विचार. तेव्हा दादा, वर गुडघ्याचं विचारलं ते राहू दे. पोट कसं आहे?