हाजींनी दिलेलं भाडं

हुर्घादा, २० फेब्रुवारी

ती. रदवाताईस,
हातिमचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आत्याच्या घरावरून फिरत फिरत पोचलं. फोनवर बाबांचा कान असतो म्हणून तू लिहितेस, आणि माझं अक्षर तुला वाचावं लागतं. दोघांचीही शिक्षाच.

मायक्रोबसमध्ये मागच्या सीटवरून येणाऱ्या त्या हाताचं वाचून माझं डोकं सणकलं. आत्या म्हणते स्कार्फची टाचणी टोच. आत्याची अक्कल ट्रामच्या काळातली. टाचणी टोचायची तर हात अंगावर येईपर्यंत वाट बघायची, आणि रक्त निघालं की गुन्हेगार तूच! इथे बोटीवर एकट्यादुकट्या फिरणाऱ्या परदेशी बायका येतात. पर्समध्ये काय ठेवता, असं मी सरळ विचारलं. एक तर नुसती मासे मोजायला आलेली, दिवसभर पाण्यात तोंड घालून. संध्याकाळी तिचा आकडा आणि आमच्या आचाऱ्याचा आकडा जुळेना, त्यावरून जे भांडण झालं... ते राहू दे.

सोबत तीन वस्तू धाडतो. शिट्टी. किल्ल्यांना अडकवायचा भोंगा, दोरी ओढली की कोकलतो. आणि मिरचीचा फवारा. आधी आवाज कर, मग लांब हो, फवारा अगदी शेवटी. यातल्या कशानेही कुणी जन्माचं अधू होत नाही, म्हणून हेच निवडलं. तू मुंगीलासुद्धा वाट देणारी बाई.

आत्याला सलाम, बाबांना काहीच सांगू नकोस. भावावर जीव आहे तेवढा असू दे.
तुझा,
हातिम

शुब्रा, ५ मार्च

चि. हातिम यास,
रदवाताईचे अनेक आशीर्वाद.

पुडकं पोचलं. आत्याने फवारा अत्तर समजून हुंगायला घेतला होता, थोडक्यात वाचली.

शिट्टी वाजवून पाहिली. आपल्या रस्त्यावर कोण शिट्टी वाजवत नाही, सांग? गाड्या लावून देणारा धावत आला आणि बाई, गाडी कुठंय म्हणून विचारू लागला. भोंगा वाजवला तर तीन पुरुष खिडकीत आले, आपापल्या गाड्या जागेवर आहेत हे बघून आत गेले. हसलास ना? मीही हसले, मग रडले.

आता नाव लिहिते. हात हाजी शिनावींचा आहे. होय, तेच, कोपऱ्यावरचे उसाच्या रसवाले. माझ्याच थांब्यावर चढतात, माझ्याच मागे बसतात. पैसे हातोहात पुढे जायला लागले की मोठ्याने सांगतात, पोरीचं भाडं माझ्याकडून. पहिल्यांदा मी नको नको म्हटलं, तर सगळी गाडी मला हसली. वडीलधाऱ्याचा मान ठेव म्हणाली. ठेवला. तेव्हापासून मी त्या गाडीत त्यांची लेक झाले. लेकीने बापाविरुद्ध ओरडायचं कसं?

बाबांचं तुला ठाऊक आहे. माझ्या नावाने गल्लीत एक जरी गोष्ट झाली तरी माझी दवाखान्यातली नोकरी बंद. आणि डॉक्टरीणबाई मला मे महिन्यात कायम करणार आहेत, रे. दातांच्या त्या खोलीत कुणीही मला पोरी म्हणत नाही, सिस्टर म्हणतात.

जेवत जा. माया आटू देऊ नकोस.
रदवाताई

सुएझ, १५ मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

बोट सोडली. कारण सांगत बसलो तर कागद संपेल, त्यात एक बकरी आहे.

शिनावी! लहानपणी मला फुकट रस पाजायचा तो. तो सगळा रस ओकून टाकावासा वाटतोय. ताई, आता लेक-बिक काही नाही. फवारा पर्समध्ये तळाशी नको, मुठीत धर. तोंड कुठल्या बाजूला आहे ते बोटाने चाचपून ठेव. हातभर अंतर, नेम डोळ्यांवर, वारा आपल्या पाठीशी घे. मारलास की तिथे थांबू नकोस. इथल्या एका खलाशाने मला शिकवलं, त्याच्यावर दोनदा उडालाय, त्याला कळतं.

एकदा त्याचे डोळे जळले की अख्ख्या गाडीला कळेल. ईदला येतो. तोवर माझी आठवण काढत राहा, शिव्या देऊन का होईना.
हातिम

शुब्रा, २ एप्रिल

चि. हातिमला,
आशीर्वाद.

वारा पाठीशी घे, असं तू लिहिलं होतंस. खमसीनचा वाळवंटी वारा सुटून धूळ उठली की मायक्रोबसच्या सगळ्या काचा लावतात, हे तुलाही सुचलं नाही आणि मलाही.

हात आला. मी वळले आणि फवारा मारला. हाजींना लागला, पण मग सगळ्या गाडीलाच लागला. एका बाईच्या कडेवरचं तान्हं निळं पडायला आलं. ड्रायव्हरने गाडी रस्त्यातच उभी केली, सगळे खोकत, आंधळ्यासारखे त्या पिवळ्या धुळीत उतरले. मलाही काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. हाजींच्या डोक्यावर कुणी पाणी ओतत होतं, कुणी त्यांना बाबा बाबा करत होतं, आणि तान्ह्याची आई मला देवाची शपथ घालून विचारत होती की माझ्या लेकराने तुझं काय केलं. पोर वाचलं, अल्हम्दुलिल्लाह.

शुक्रवारी आपल्याच घरी गल्लीची बैठक बसली. ड्रायव्हर म्हणाला, मी रस्त्याकडे बघत होतो. बाकीच्यांनी एकच साक्ष दिली, की हाजी रोज हिचं भाडं भरायचे आणि ही भरू द्यायची. दोन्ही खरंच होतं. बाबांनी सगळ्यांदेखत हाजींच्या कपाळाचं चुंबन घेऊन माफी मागितली. चहा मी केला. हाजींना साखर तीन चमचे लागते, हे मला बैठकखोलीतून ओरडून सांगण्यात आलं.

दवाखाना सुटला. विचारू नकोस.
रदवा

सुएझ, ९ एप्रिल

ताई,

मायना लिहायला हात वळत नाही. मी येतो आणि त्याचं दुकान फोडतो. नाहीतर एकाकडे विजेचा झटका देणारी छोटी बॅटरी आहे, ती घेऊन धाडतो. तिला वारा लागत नाही, झटका एकालाच बसतो. फक्त हो म्हण. निदान दोन ओळी लिही, शिव्या लिही.
हातिम

शुब्रा, २८ एप्रिल

चि. हातिम यास,
रदवाताईचे अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. तू दुकान फोडशील, मग तुझ्यासाठी बैठक बसेल आणि चहा पुन्हा मीच करीन. बॅटरीही नको.

मागच्या आठवड्यात हाजी बसबूसाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आले. मनात काही ठेवलं नाही म्हणाले. आपली धाकटी लीना आता मोठ्या शाळेत त्याच रस्त्याने जाते, तिच्या भाड्याची काळजी करू नका, असंही म्हणाले. बाबांनी आभार मानले. लीनाने दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून तिला शाळेत मी सोडते. बाबा नाही म्हणू शकले नाहीत, मुलीची सोबत म्हणजे अब्रूचंच काम. हाजी मागे बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी नोट पुढे दिली आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असं ओरडले, की माझं, बहिणीचं, आणि हाजी शिनावींचं भाडं माझ्याकडून, म्हातारपणी त्यांच्या हाताला कष्ट नकोत. मग कुणीतरी हसलं. हाजी नको नको म्हणू लागले, तर त्याच लोकांनी त्यांना सांगितलं, पोरीचा मान ठेवा. दुसऱ्या दिवशीही मी दिलं. तिसऱ्या दिवशी ते चढले नाहीत.

पैसे आत्या देते. दवाखान्यात माझ्या जागी दुसरी मुलगी आली आहे. लीनाला सोडून मी शाळेच्या भिंतीपाशी ती सुटेपर्यंत बसते, दुसरीकडे जायचं कुठे?

हाजी हल्ली मागच्या गाडीने जातात. त्या गाडीत त्यांच्या पुढे कोण बसतं, मला ठाऊक नाही. भाडं मात्र भरत असतील.

तुझा फवारा अजून अर्धा भरलेला आहे. कुणाला द्यावा ते कळत नाही. तब्येत जप, आणि इथल्या माणसांवर लोभ ठेव म्हणून तुला कशी सांगू? माझ्यावर ठेव.
रदवाताई