निळी डबी की लाल डबी

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. ब्रॅकनेल, इंग्लंड.

नेमबाजी क्लबच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे. निवड १९ तारखेला. नेम माझा आहेच, प्रश्न फक्त प्रायमरचा. सुप्रभाला पुन्हा समजावलं: प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली टिकलीएवढी टोपी, घोडा पडला की पेटते. तिनं विचारलं, इथे पिस्तुलाला बंदी ना? बंदी पिस्तुलाला. त्याच्याच गोळ्या झाडणाऱ्या लांब रायफलीला नाही. सर्टिफिकेट आहे, गोळ्या गॅरेजमध्ये स्वतः भरतो. बायकोला किती वर्षं हेच सांगायचं?

दुकानदार म्हणाला, निळी डबी, लाल डबी, दोन्ही उत्तम. दोन्ही उत्तम कशा असतील? निळी घेतली. सर्टिफिकेट बघताना गरजेपेक्षा जास्त हसत होता.

संध्याकाळी शस्त्रपूजा. प्रायमर ताटलीत मोकळे मांडले. हळद, कुंकू, वर पळीभर पंचामृत. सुप्रभानं निरांजन उचलून लांब नेलं. म्हणाली, आमच्याकडे नुसतं फूल वाहतात. तिच्याकडे शस्त्र धरलंय कोणी? नंतर सगळे टिश्यूनं टिपून घेतले.

४ ऑक्टोबर, शनिवार.

क्लबच्या रेंजवर दहापैकी सात फुसके बार. घोडा पडतो, टक् होतं, पुढे काही नाही. मग नियमाप्रमाणे नळी समोर धरून थांबायचं. माझ्यापायी सगळी रांग थांबते. कॅप्टन नीनाबाईंनी विचारलं, एव्हरीथिंग ऑलराइट? म्हटलं, सप्लायचा प्रॉब्लेम.

क्लबातला शशिधर म्हणाला, माझ्याकडेपण निळीच आहे रे, एकही फेल नाही. हा आपणहून का सांगतो? ती एक जागा त्यालाही हवी आहे. शिवाय दुकानदार त्याला नावानं हाक मारतो. त्याला चांगला माल, मला गाळ. उघड आहे.

संकल्प: शशिधरशी फक्त हवापाण्याच्या गप्पा.

११ ऑक्टोबर, शनिवार.

दुकान बदललं. लाल डबी. या दुकानदाराला सहज विचारलं, शशिधरला ओळखता का? नाही म्हणाला, पण जरा थांबून.

नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही. या खेपेला मध आणि तूप सढळ हातानं. सुप्रभा म्हणाली, अरे, ओला झालेला फटाका तरी वाजतो का? वर वर सायन्स, खरा मुद्दा वेगळाच. माझी निवड झाली की दर रविवारी वॉटफर्डला तिच्या बहिणीकडे गाडी कोण चालवणार?

१२ ऑक्टोबर, रविवार.

दहाच्या दहा फुसके. म्हणजे दोन्ही दुकानं सामील.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

शशिधर चहाला आला. गॅरेज बघू दे म्हणाला. साफ नाही म्हटलं. मग किचनमध्ये सुप्रभाशी काहीतरी बोलला. दोघं हसले. आता घरातूनच फितुरी.

उद्या दाखवतो सगळ्यांना. एक गोळी जरी वाजली तरी ती मधोमध बसणार.

१९ ऑक्टोबर, रविवार. निवड.

पहिल्या चार वाजल्या नाहीत. शशिधरनं स्वतः भरलेल्या गोळ्या माझ्यापुढे सरकवल्या. म्हणाला, ह्या घे, निळ्या डबीतल्याच आहेत, फक्त पूजा केलेली नाही. विश्वास नव्हताच, पण नीनाबाई म्हणाल्या, लास्ट चान्स, अर्जुन. घ्याव्या लागल्या.

सगळ्या वाजल्या. खणखणीत.

मग टार्गेटचा कागद जवळ आणला. कोरा. माझ्या गोळ्या चुकून तिकडे लागल्या की काय म्हणून नीनाबाईंनी शेजारच्या लेनचाही तपासला, तोही कोरा. प्रायमरला बोल लावायची सोय राहिली नाही, याचं फार वाईट वाटलं. जागा शशिधरला मिळाली.

माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, वारा असेल रे. आमची रेंज इनडोअर आहे.