सळईवरचं कच्चं चिकन

शनिवार, १२ नोव्हेंबर १९८३

साहेबांची माफी मागणार नाही.

आमच्या फोरमनसाहेबांच्या मेहुण्याने इथे नाशकात द्वारका चौकाजवळ हॉटेल काढलं आहे. सळईला टोचून भाजलेलं जपानी पद्धतीचं चिकन मिळतं म्हणे. तपासणी खात्यातल्या आम्हा चौघांना साहेबांनी आज तिथे नेलं. बाहेरून काळं, गोडसर, आणि मोडून पाहिलं तर सळईजवळ गुलाबी. कच्चं. बाकीचे तिघे "वा साहेब!" म्हणत गिळत होते. सोमवारी मला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर साहेबांची सही व्हायची आहे. मीही गिळायला हवं होतं का?

कारखान्यातली सवय नडली. एकेक तुकडा मोडून, कच्चे ते प्लेटच्या डाव्या कडेला रांगेत ठेवत गेलो. नापास माल आम्ही असाच डावीकडे ठेवतो. मेहुण्याने ते पाहिलं.

"काय हो, आवडलं नाही?"

"आत कच्चं आहे."

"जपानात असंच खातात, भाऊ!"

"खात असतील. नाशकात नीट भाजून आणा."

आमच्यातला, शेजारी बसलेला दत्तू फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. "फार शहाणा झालास," एवढंच म्हणाले. पण हातातली सळई त्यांनीही खाली ठेवली, ते मी पाहिलं.

ते गुलाबी मांस सारखं डोळ्यांपुढे येतं. आज साहेबांसाठी ते गिळलं असतं, तर पुढे त्यांच्या शब्दाखातर तडा गेलेला मालही पास करावा लागला असता. मग कायम होऊन काय उपयोग? सही करायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.