चित्र कोणी काढलं

बाबा, मेडशीच्या विहाराचं ते चित्र परवा काढून टाकलं. कुठून, ते तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता. आता इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कुणी एक विद्वान लिहीत नाही, गावोगावचे लोक मिळून लिहितात आणि एकाचं लिहिलेलं दुसरा बिनदिक्कत खोडतो. तुम्हाला असली पद्धत एक दिवस सहन झाली नसती. त्यात कुणीतरी आपल्या भागातल्या कधीच न बांधल्या गेलेल्या इमारतींवर लेख लिहिला, आणि विहार बांधायला निघालेल्या समितीच्या जुन्या स्मरणिकेतून तुमच्या विहाराचं चित्र त्यात घातलं. जागेवरून भांडणं झाली, पायासुद्धा खणला गेला नाही, आज तिथे सोयाबीन उभं असतं. पण लेखात तुम्ही वास्तुरचनाकार आहात. वाशीमच्या ऑफिसात जन्मभर साहेबांच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा गिरवल्यात, मेल्यावर का होईना बढती मिळाली.

नकाशा तुमचाच होता, ते मी कुठेही नाकारणार नाही. ग्रंथालयाचं गोल दालन, मधे एक खांब नाही, ते तुमच्याच डोक्यातून आलं आणि ते चांगलं होतं. पण तुम्हाला इमारत वरून दिसायची, समोरून दिसायची नाही. समितीला समोरून हवी होती. म्हणून तुम्ही मला बसवलंत, स्वयंपाकघरात, कारण उजेड तिथेच बरा. मी नववीत आहे, माय चुलीशी भाकरी थापते आहे, तुम्ही मागे उभे राहून माझ्या हातावर पट्टी मारता आणि म्हणता, "सरळ मार ना रेघ, हात हाये का खराटा?" मी विहार काढला, लिंबाचं झाड काढलं, आणि पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली माय काढली. मायला अक्षर येत नव्हतं. चित्रात येत होतं.

समितीचे लोक आले, चित्र पाहून खूश झाले. "कोनं काढलं हो?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसानं विचारलं. "मी काढलं," तुम्ही म्हणालात, आणि कोपऱ्यात सही ठोकली. माय चहा घेऊन दारात उभी होती. जन्मात एकदाच ती चारचौघांत बोलली असेल. "पोरीनं काढलं हो भाऊ, मी पायलं ना." तुम्ही हसलात. "तिनं? ते त छापखाना हाये. पुढ्यात ठेवलं का छापते." सगळे हसले. तेव्हापासून मी गावभर छापखाना. पाहुणे आले की तुम्ही हाक मारायचात, "ए छापखाना, पानी आन." मला तेव्हा तुम्ही मरावं असं वाटायचं. आता तुम्ही मेलेले आहात आणि मला अजून तसंच वाटतं.

लोक गेल्यावर तुम्ही दाढीचं ब्लेड घेतलंत. ट्रेसिंग पेपरवरची शाई चुकली की तुम्ही ब्लेडनं अलगद खरवडायचात, कागद फाटू न देता. तो हात तुमच्याकडे होता. त्याच हातानं तुम्ही पायरीवरची माय खरवडून काढलीत, आधी तोंड, मग पुस्तक. "बोलाचं कायले होतं तुले?" एवढंच म्हणालात. मायनं तवा उतरवला, वाकून पाहिलं. "पुसलं त पुसलं," ती म्हणाली, "पायरी त ठेवली ना."

मूळ कागद समितीकडे वाळवीनं खाल्ला. उरलं ते स्मरणिकेतलं, आणि त्यात पायरीवर एक धुरकट डाग. ज्ञानकोशात काम करणाऱ्या एका मुलीनं माझा पत्ता काढून मला लिहिलं. फार गोड लिहितात हे लोक. चित्रावर कॉपीराइट आहे, म्हणाली. बांधलेली इमारत असती तर कुणीही जाऊन फोटो काढला असता, पण जी उभीच नाही तिचा फोटो कोण काढणार, म्हणून परवानगीविना हेच चित्र वापरलं. त्यावर तिथल्या दुसऱ्या कुणी हरकत घेतली आहे, नकाशावरून नवं चित्र काढता येईल की. तेव्हा वारस म्हणून मी परवानगी द्यावी, वडिलांचं नाव कायम राहील. आणि पायरीवरचा तो डाग साफ करून टाकू का?

मी लिहिलं की मी वारस नाही, चित्र मीच काढलंय. ती म्हणाली, सही तर वडिलांची आहे, काही पुरावा? पुरावा तुम्ही खरवडून टाकलात. मग मी लिहिलं, परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी नुसता मजकूर होता. तुमची सही गेली, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. शाळेत पोरांना चित्रकला शिकवताना दिवसभर गुणगुणत होते.

पण माय आहे. मालेगावला माझ्याजवळच असते. हे सगळं सुरू झालं तेव्हा मी तिला मोबाइलवर तो लेख दाखवला होता. तिनं बोट बरोबर डागावर ठेवलं. "हे पाय, इथं बसली होती मी." मग रोजचंच झालं, जेवण झालं की मोबाइल पुढे करायची. "माही जागा दाखव बरं." चित्र हटवा म्हणताना मला फक्त तुमची सही दिसत होती.

मी नवं काढलं, चांगल्या कागदावर, पायरीवर माय, नाकीडोळी अगदी तीच. तिनं चष्मा लावून पाहिलं. "हे कोन बाई? माही जागा दाखव ना." तो डाग मला काढता येत नाही, बाबा. चार वेळा ब्लेड चालवलं, कागद फाटतो. स्मरणिकेची प्रत आपल्या घरात उरली नाही, जुनं परत मागवायचं तर त्या मुलीला एक ओळ लिहावी लागेल, मी वडिलांची वारस, परवानगी आहे. ती लिहायला बसले आणि तुम्हालाच हे लिहीत बसले.

काल मायनं विचारलं, "आतापर्यंत त होतं. कोनं काढलं?"

मी काढलं. आयुष्यभर चारचौघांत म्हणायचं होतं ते हेच. मी म्हटलं, रेंज नाही.